सीओ अलार्म घेताय? घ्या, पण त्याच्या शून्यावर जाऊ नका

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना पुढचं लांबलचक वाचायचं नाही त्यांची सोय. घरात गॅस गीझर असेल, कोळशाची किंवा लाकडाची शेगडी असेल, रॉकेलचा हीटर असेल, लाईट गेल्यावर जनरेटर लावत असाल किंवा घराला लागूनच गॅरेज असेल तर कार्बन मोनॉक्साइड (सीओ) या विषारी गॅसचा अलार्म घ्या, उगाच विचार करत बसू नका. मी बरेच दिवस वापरतोय आणि वस्तू म्हणून माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या शून्याबद्दल, आणि ती जरा सविस्तर सांगावी लागणार, कारण घ्यायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले त्यात कोणीच त्याबद्दल बोललं नव्हतं, सगळे आपले पॅकिंग छान, आवाज मोठा, फाइव्ह स्टार.

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. एकतर जे लिहितोय ते या प्रकारच्या बहुतेक अलार्मना लागू आहे, आणि नाव टाकलं की कमेंटमध्ये भांडण वेगळ्याच विषयावर जातं.

तर वस्तू अशी. तळहाताएवढा पांढरा डबा, आत सीलबंद बॅटरी, पुढे छोटी स्क्रीन, एक बटण, मागे दोन स्क्रूची प्लेट. ईएन ५०२९१ हा युरोपियन स्टँडर्डचा शिक्का आहे, अमेरिकेच्या मालावर यूएल २०३४ लिहिलेलं असतं. या दोन्हीपैकी काहीच लिहिलेलं नसेल तर कितीही चकाचक दिसला तरी नका घेऊ. ऑनलाइन बिनानावाचे ढीगभर पडलेत, त्यातल्या कशात खरंच सेन्सर आहे आणि कशात नुसतं बटण दाबलं की कोकलणारं सर्किट आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. आणि ते चिकटवायचं कार्ड मिळतं ना, गॅस आला की मधला ठिपका काळा पडतो, ते तर अजिबात नको. रात्री तीन वाजता ठिपका काळा पडलाय हे बघायला जागं कोण असणार?

आतला सेन्सर इलेक्ट्रोकेमिकल आहे, सध्या चांगल्या अलार्ममध्ये हाच असतो. आतल्या इलेक्ट्रोडवर कार्बन मोनॉक्साइड आला की त्याचं ऑक्सिडेशन होऊन कार्बन डायऑक्साइड होतो, त्यात अगदी बारीकसा करंट तयार होतो, गॅस जितका जास्त तितका करंट जास्त, आणि तो मोजून पीपीएम दाखवतात, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग गॅस. माणसाकडे यासाठी काहीच सोय नाही हो. रंग नाही, वास नाही, चव नाही, घशाला झोंबत नाही. धुराने निदान खोकला येतो, डोळे चुरचुरतात, हा गॅस श्वासाबरोबर आत जातोय हे शरीराला कळतच नाही.

लावायचं काम सोपं आहे, दहा मिनिटांत होतं, पण जागा नीट निवडा. झोपायच्या खोलीत किंवा तिच्या दाराशी एक पाहिजेच, आणि जिथे काही जळतं त्या उपकरणापासून साधारण एक ते तीन मीटरवर दुसरा. बाथरूममध्ये नको, वाफेने सेन्सर खराब होतो. खिडकीला लागून नको, पंख्याच्या झोतात नको, पडद्यामागे तर मुळीच नको. उंचीवरून लोक फार वाद घालतात, कोणी म्हणतं छताला, कोणी म्हणतं जमिनीजवळ. हा गॅस हवेपेक्षा अगदी किंचित हलका आहे, जवळजवळ हवेइतकाच, त्यामुळे तो खोलीभर मिसळून जातो, खाली साठून बसत नाही. खाली साठतो तो सिलिंडरचा गॅस. मॅन्युअलमध्ये दिलीय त्या उंचीवर लावा आणि विषय संपवा.

सिलिंडरचा विषय निघालाच आहे तर हे सांगायलाच हवं, कारण मी ज्याला ज्याला अलार्म दाखवला त्यातले अर्धे म्हणाले "आमच्याकडे आहे की, गॅस लीकचा". तो वेगळा! गॅस लीक डिटेक्टर न जळलेला गॅस ओळखतो, आणि त्या गॅसला मुद्दाम घाण वास दिलेला असतो त्यामुळे तो तुमच्या नाकालाही कळतो. कार्बन मोनॉक्साइड तयार होतो गॅस जळताना, पुरता न जळल्यामुळे. लीक कुठेच नसतं, शेगडी पेटलेली असते, गीझर मस्त गरम पाणी देत असतो, आणि त्याच वेळी खोलीत हा गॅस वाढत असतो. लीक डिटेक्टर तिथे हूं की चूं करत नाही, त्याचं ते कामच नाही.

आता मुख्य मुद्दा. अलार्म वाजतो कधी?

मला वाटलं होतं गॅस आला की वाजेल. तसं नसतं. ईएन ५०२९१ प्रमाणे ५० पीपीएम असेल तर तो ६० ते ९० मिनिटांच्या दरम्यान वाजायचा, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत, आणि ३०० पीपीएम झाले तर ३ मिनिटांच्या आत. ३० पीपीएमवर तर दोन तासांच्या आत त्याने वाजायचंच नाही असा नियम आहे. अमेरिकन यूएल २०३४ त्याहून ढिलं, ७० पीपीएमला एक ते चार तास, ३० पीपीएमला तर महिनाभर गप्प बसायचं! थोडक्यात हे यंत्र गॅस दिसला की ओरडणारं नाही, शरीरात किती गॅस साठला असेल याचा अंदाज बांधून ओरडणारं आहे. निरोगी मोठ्या माणसाच्या रक्तात धोक्याइतका साठायच्या आत त्याला जागं करायचं, एवढाच हिशोब.

हे असं का केलं तर त्याची गंमत आहे. १९९४ मध्ये शिकागो शहराने घरांमध्ये सीओ अलार्म सक्तीचे केले. त्याच डिसेंबरात हवेचं इन्व्हर्जन झालं, म्हणजे वरच्या गरम थराखाली थंड हवा अडकून बसली आणि गाड्यांचा, हीटिंगचा सगळा धूर खालीच राहिला, झालं, अख्ख्या शहरातले अलार्म वाजायला लागले आणि फायर ब्रिगेडला एका दिवसात हजारावर कॉल गेले. लोकांच्या घरात जीवघेणं काही नव्हतं. त्यानंतर स्टँडर्ड बदललं आणि अलार्म थोड्याथोडक्या गॅसला गप्प राहायला शिकले. बरोबरच आहे एका अर्थी, रोज उठून खोटं ओरडणाऱ्या अलार्मची बॅटरी लोक काढून ठेवतात. पूर्वी खाणीत कॅनरी पक्षी न्यायचे, ब्रिटनमध्ये ते १९८६ पर्यंत चाललं, जॉन स्कॉट हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने ते सुचवलं होतं. त्या पक्ष्याचा श्वास भराभर चालतो म्हणून त्याच्यावर माणसाच्या आधी परिणाम दिसायचा, तो काही साठ ते नव्वद मिनिटं थांबत नव्हता.

वाजण्याचं एकवेळ ठीक. माझं भांडण स्क्रीनशी आहे. माझ्या मॉडेलची स्क्रीन ३० पीपीएमच्या खाली सरळ शून्य दाखवते. म्हणजे खोलीत २५ असले तरी शून्य, खरंच शून्य असलं तरी शून्य. मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानांवर बारीक टायपात लिहिलंय, बॉक्सवर मात्र मोठ्या अक्षरात "डिजिटल डिस्प्ले". काही मॉडेल १० पासून आकडा दाखवतात, तेव्हा घ्यायच्या आधी हे एक शोधाच.

मला हे कळलं ते गीझरमुळे. गीझर स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या खोलीत आहे, धुराचा पाइप भिंतीतून बाहेर काढलेला. एक अलार्म तिथे, एक बेडरूमच्या पॅसेजमध्ये. रोज दोन्हीवर शून्य. एका संध्याकाळी थंडी म्हणून खिडक्या सगळ्या बंद, किचनचा एक्झॉस्ट फॅन चालू, आणि गीझरही चालू. सहज लक्ष गेलं तर गीझरजवळचा आकडा ३४. थोड्या वेळाने ४१, मग ४६. अलार्म गप्प. त्याच्या नियमाने तो बरोबरच गप्प होता, ५० ला सुद्धा त्याला तासभर थांबायचं असतं. गीझर बंद केला, खिडकी उघडली, आकडा उतरत उतरत ३० च्या आसपास आला आणि तिथून एकदम शून्य! असं कुठे असतं का, हवेतला गॅस ३० वरून उडी मारून शून्यावर येत नाही, स्क्रीन येते. मग दुसऱ्या दिवशी मुद्दाम उघड्या दारात उभं राहून बघितलं: एक्झॉस्ट बंद असताना गीझर चालवला तर काही नाही, एक्झॉस्ट चालू आणि खिडक्या बंद केल्या की आकडा चढायला लागतो. मेकॅनिकला बोलावलं तर त्याने पाइपाचा जोड हलवून दाखवला, सैल झालेला, आणि बर्नरची ज्योत निळीच्या ऐवजी टोकाला पिवळी, जाळीवर काजळी.

काय होत होतं ते ऐका कारण हे पुष्कळ घरांत होत असणार. एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा आत यायला पाहिजे, खिडक्या बंद असतील तर ती मिळेल त्या वाटेने येते, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे गीझरचा धुराचा पाइप. मग धूर बाहेर जायच्या ऐवजी उलटा आत ओढला जातो. त्यातून तोच धूर बर्नरला परत मिळाला की ऑक्सिजन कमी पडतो, ज्योत आणखी अर्धवट जळते, कार्बन मोनॉक्साइड आणखी वाढतो. आपण म्हणतो एक्झॉस्ट लावलाय म्हणजे हवा खेळती आहे. खिडकी बंद असेल तर उलटंच.

इथे अलार्मला पूर्ण मार्क द्यायला पाहिजेत कारण त्याच्या शिवाय हे कधी कळलंच नसतं. आणि बटण दोनदा दाबलं की पीक मेमरी दिसते, म्हणजे मागच्या वेळी रीसेट केल्यापासून सगळ्यात जास्त आकडा किती झाला. या अलार्ममधलं सगळ्यात कामाचं फीचर हेच, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नाही. तुम्ही घरात नसताना, झोपेत असताना काय झालं ते त्यात राहतं. रोजचं शून्य बघण्यापेक्षा आठवड्यातून एकदा पीक बघा.

आता कोणी म्हणेल ३०-४० पीपीएमने काय होतंय. निरोगी माणसाला थोडा वेळ, बहुधा काही जाणवणार नाही. पण हा गॅस रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोरात चिकटतो, म्हणून हवेत थोडा असला तरी तासन्‌तास बसलं की रक्तात साठत जातो. शिवाय जो ऑक्सिजन हिमोग्लोबिनवर उरलेला असतो तोही पेशींना सहज सुटत नाही. हृदयाचा त्रास असलेल्यांना कमी प्रमाणातही छातीत दुखू शकतं. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला धोका जास्त, बाळाच्या रक्तात तो आईपेक्षा जास्त साठतो आणि उतरायलाही जास्त वेळ लागतो. स्टँडर्डचा हिशोब यांच्यासाठी केलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी २०१० मध्ये मर्यादा दिल्या त्यात आठ तासांसाठी १० मिलिग्रॅम दर घनमीटर आहे, म्हणजे साधारण ९ पीपीएम. आणि आपला डबा ३० पर्यंत शून्य दाखवतोय. बसवा ताळमेळ.

लक्षणं फसवी असतात. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, गळून गेल्यासारखं होतं, सगळ्यांना वाटतं फ्लू आलाय किंवा काहीतरी बाधलं. फरक असा की ताप नसतो, घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी होतं, कुत्र्यामांजरालाही, आणि बाहेर गेलं की बरं वाटायला लागतं. जास्त झालं की गोंधळल्यासारखं होतं आणि पाय लुळे पडतात, तेव्हा माणसाला धोका कळला तरी दारापर्यंत जाता येत नाही. म्हणून अलार्म वाजला तर खिडकी उघडून परत आत येऊन बसायचं नाही, सगळ्यांनी बाहेर पडायचं, बाहेरून फायर ब्रिगेडला फोन करायचा, कोणाला बरं वाटत नसेल तर दवाखाना.

दवाखान्यात गेलात तर एक गोष्ट स्वतःहून सांगा, की घरात सीओ अलार्म वाजला होता. बोटाला लावतात तो ऑक्सिमीटर इथे फसतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं, त्यामुळे माणूस गुदमरत असतो आणि आकडा ९८ येतो. खरं कळतं ते रक्त तपासून, को-ऑक्सिमीटरवर. उपचार ऑक्सिजनचाच. साध्या हवेत रक्तातला हा गॅस निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण सव्वा ते दीड तास, आणि जास्त दाबाच्या हायपरबॅरिक चेंबरमध्ये वीसेक मिनिटं. बरं वाटलं म्हणून विसरू नका, काहींना काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, स्वभावात बदल, चालण्यात अडखळणं असे त्रास मागाहून सुरू होतात.

एका मित्राने विचारलं, हाच डबा बाहेर रस्त्याकडेच्या खिडकीत ठेवला तर ट्रॅफिकचं प्रदूषण कळेल का. नाही कळणार, दिवसभर शून्य बघत बसावं लागेल. बाहेरच्या हवेतले आकडे फारच लहान असतात. मोकळ्या स्वच्छ हवेत उत्तर गोलार्धात साधारण ०.१ पीपीएम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांसाठी ४ मिलिग्रॅम दर घनमीटर ही पातळी दिली, ती साडेतीन पीपीएमच्या आसपास जाते. गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी गॅस कमी करणारा भाग, आल्यापासून बऱ्याच शहरांत हा गॅस खूप कमी झालाय, आता मोठा हिस्सा जंगलातल्या आगी, जाळलेलं शेत, लाकूड-कोळसा यातून येतो. हवेत तो एक ते तीन महिने टिकतो म्हणून एका खंडातला धूर दुसऱ्या खंडावर जातो, नासाच्या टेरा उपग्रहावर मोपिट नावाचं उपकरण हे २००० पासून २०२५ पर्यंत बघत होतं. आणि स्वतः फारसा हवा तापवत नसला तरी हवेतले हायड्रॉक्सिल रॅडिकल खाऊन टाकतो, जे एरवी मिथेनला संपवतात, म्हणजे मिथेन जास्त टिकतो, शिवाय जमिनीलगतचा ओझोन वाढायला मदत होते. हे सगळं खरं, पण त्यासाठी वेगळी उपकरणं असतात, तुमच्या भिंतीवरच्या डब्याला त्यात ओढू नका.

गॅरेजचा मुद्दा मात्र याच डब्याचा. गाडी थंड असताना कन्व्हर्टरही थंड असतो, नीट काम करत नाही, म्हणून सुरू केल्याकेल्या सगळ्यात जास्त गॅस सोडते. दार उघडं ठेवून गाडी दोन मिनिटं चालू ठेवली तरी आतल्या घरात जातो. जनरेटर तर बाल्कनीत किंवा अर्धवट उघड्या शटरमागे सुद्धा नको, घरापासून लांब, दारं-खिडक्यांकडे तोंड न करता. आणि विझत आलेले निखारे खोलीत ठेवून दार लावून झोपणं, धूर दिसत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात, खरा गॅस त्यातूनच येतो.

खोट्या अलार्मबद्दल. एकदा कारण नसताना आकडा दिसला होता, तेव्हा शेजारी मोठी लेड ॲसिड बॅटरी चार्ज होत होती. त्यातून हायड्रोजन निघतो आणि हा सेन्सर हायड्रोजनलाही फसतो. सॅनिटायझर, स्पिरिट, परफ्यूमचे फवारे जवळ मारू नका, सिलिकॉनवाले स्प्रे आणि रंगकाम तर सेन्सरची वाट लावू शकतात, तेव्हा घराला रंग देताना अलार्म उतरवून ठेवा. टेस्टसाठी सिगारेट किंवा अगरबत्ती जवळ धरू नका, त्याने काही सिद्ध होत नाही. बटण दाबून जी टेस्ट होते ती बॅटरी, सर्किट आणि भोंग्याची, सेन्सर जिवंत आहे की नाही हे त्यातून कळत नाही. त्यासाठी टेस्ट गॅसचा छोटा कॅन मिळतो, मी तो आणून पिशवीत अलार्म ठेवून फवारला, वाजला व्यवस्थित, चार बीप आणि थांबा, परत चार बीप. आवाज कानठळ्या बसवणारा, ३ मीटरवर ८५ डेसिबल सांगतात, मला पटलं. बंद दारामागे झोपलेल्याला मात्र कमी येतो, म्हणूनच बेडरूमजवळचा वेगळा घ्या.

अलार्मचं आयुष्य सेन्सरवर अवलंबून आहे, मॉडेलप्रमाणे पाच ते दहा वर्षं, मागे बदलायची तारीख छापलेली असते, अलार्म लावायच्या आधी तिचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा कारण भिंतीवर गेल्यावर दिसत नाही. संपत आला की दर थोड्या वेळाने एक चिवचिव करतो, लोक ती बॅटरीची समजून दुर्लक्ष करतात.

पुढचा मी लो लेव्हल मॉनिटर बघतोय, जो ५-१० पीपीएमपासून आकडा दाखवतो. तो अलार्मच्या जागी नाही, अलार्मच्या जोडीला, गीझरच्या खोलीसाठी. तोपर्यंत म्हटलं याच कंपनीला विचारून बघू, ३० च्या खालचे आकडे बघायची काही सेटिंग आहे का. कस्टमर केअरला मेल टाकला, सगळं नीट समजावून लिहिलं, आकड्यांसकट. दोन दिवसांनी उत्तर आलं, "आपल्या तक्रारीबद्दल दिलगीर आहोत, कृपया बॅटरी काढून परत बसवा." बॅटरी सीलबंद आहे, निघतच नाही. तसं कळवलंय त्यांना, अजून उत्तर नाही.